फाइल आहे, मजकूर नाही

मी डीटीपीच्या धंद्यात आले तेव्हा संगणकावरचं मराठी खोक्यात विकत मिळायचं. खोक्यात फ्लॉप्या, कळफलकाचा छापील तक्ता आणि एक डोंगल. अंगठ्याएवढं ते डोंगल संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल खुपसायची. डोंगल जागेवर असेल तर मराठी उमटायचं, नसेल तर नाही. सदाशिव पेठेतल्या ज्या कार्यालयात मी नोकरीला लागले तिथे संगणक तीन होते आणि डोंगल एकच. मालक रात्री जाताना ते काढून तिजोरीत ठेवत. रोकड मात्र टेबलाच्या खणातच असायची.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता आणि धंदा जोरात होता. खिळे जुळवणारे कंपोझिटर एकेक करून घरी बसत होते. टंकलेखनाच्या ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेल्या आमच्यासारख्या मुली त्यांच्या जागी येत होत्या. पेजमेकरमध्ये पानं लावायची, लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, तो प्लेटवाल्याकडे धाडायचा. दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, स्वखर्चाने निघालेले कवितासंग्रह, क्लासच्या नोट्स, असं सगळं हातून गेलं. अक्षरं देखणी होती. ज्या अक्षरकारांनी ती काढली त्यांनी फार तुटपुंज्या साधनांत मोठं काम केलं. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याविरुद्धचं नाही.

त्या फॉन्टांची घडण कशी होती हे मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. संगणकाचा हिशेब तेव्हा इंग्रजीचा होता: एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण २५६ घरं, त्यांतली काही आधीच राखीव. उरलेल्या दोनशेच्या आसपास घरांत अख्खी देवनागरी बसवायची. जोडाक्षरं शेकडो, त्यामुळे ती तुकड्यांनी बनवायची. काना एका घरात, मात्रा दुसऱ्यात, अर्धा म तिसऱ्यात, रफार चौथ्यात. कुठला तुकडा कुठल्या घरात टाकायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'कमल' लिहिलं तर पडद्यावर कमल दिसतं, पण फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं: डी, ई, वाय. फॉन्ट बदलून इंग्रजी लावला की ती तीन अक्षरं उघडी पडतात. दुसऱ्या घराण्याचा मराठी फॉन्ट लावला तर तिसरंच काही उमटतं.

मराठी संगणकात कसं साठवायचं याचा सर्वमान्य तोडगा नव्हता असं नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच 'इस्की' हे मानक जाहीर केलं होतं. भारतीय लिप्यांसाठीचं सी-डॅक या सरकारी संस्थेचं काम तर आमच्याच गावात, पुण्यात चाललं होतं. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. म्हणजे मी संगणकापुढे बसण्याआधीच कागदावर प्रश्न सुटलेला होता. पण अक्षरं आपोआप जोडून दाखवण्याची ताकद विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० बरोबर. तोवर धंदा थांबणं शक्य नव्हतं. आणि आणखी एक कारण होतं, ते कुणी मोठ्याने बोलत नसे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा असला की गिऱ्हाईक बांधलं जातं. एकदा दहा वर्षांची पुस्तकं एका कंपनीच्या फॉन्टमध्ये गेली की अकराव्या वर्षी दुसरीकडे जायची सोय राहत नाही.

याचा चटका आम्हाला नव्या संगणकांनी दिला. त्यांना प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नव्हतं. चांगलं चालणारं डोंगल हातात घेऊन आम्ही विक्रेत्याकडे गेलो, तर त्याने नवी आवृत्ती विकत घ्यायला सांगितलं. त्यात कायद्याने काही चूक नव्हती. पण आम्ही स्वतः टंकलेली, आम्हीच मुद्रितं तपासलेली पुस्तकं उघडायला पुन्हा पैसे मोजायचे होते. मालकांनी मोजले. मी त्याच सुमाराला नोकरी सोडून घरी काम सुरू केलं होतं. मला ते परवडणारे नव्हते.

युनिकोड आलं तेव्हा आमच्या धंद्याने त्याचं स्वागत केलं असं म्हणता येणार नाही. विंडोज एक्सपीमध्ये मराठी हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिचकी मारावी लागायची. मग संगणक विंडोजची सीडी मागायचा, आणि सीडी कुणाकडेच नसायची. फॉन्ट म्हणून जो 'मंगल' मिळायचा त्याचा ल आणि श हिंदी वळणाचा. त्यात कादंबरी छापायची कल्पना कुठल्याच प्रकाशकाला सहन झाली नसती. शिवाय पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तो तिथेच थांबला. आमची बोटं टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेली. इनस्क्रिप्ट हा वेगळा कळफलक शिकायचा म्हणजे वेग निम्म्यावर येणार, आणि पैसे तर पानावर मिळायचे. जुनं सोडायचं नव्हतं, कारण जुन्यात पोट भरत होतं. बदलाला विरोध करणाऱ्या ऑपरेटरना नंतर बरीच नावं ठेवली गेली. त्यांचा हिशेब कुणी मांडून पाहिला नाही.

पहिला मोठा धक्का पुनर्प्रकाशनाने दिला. एका प्रकाशकाला जुनं पुस्तक ई-बुक म्हणून काढायचं होतं. "फाइल आहे ना? मग दोन दिवसांचं काम," असं ते फोनवर म्हणाले. फाइल होती. मजकूर नव्हता. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे रूपांतरक आंतरजालावर मिळतात, त्यांतले बरेचसे कुणीतरी हौसेने लिहून फुकट ठेवलेले. त्यांचं काम वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती डावीकडे दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफार दिसतो वर आणि नंतर, पण साठतो आधी. 'निर्मिती' हा साधा शब्द घेतला तरी तुकड्यांची दोनदा उलटापालट करावी लागते.

त्यात बहुतेक रूपांतरक हिंदीसाठी लिहिलेले. मराठीतला वाऱ्यातला, दुसऱ्यातला अर्धा र त्यांना ठाऊकच नव्हता. सगळ्या पुस्तकात 'दुसर्या' आणि 'वार्यावर' असे रफार उगवले. शोधून बदलायचं म्हटलं तर 'आचार्य', 'सूर्य', 'कार्य' यांचे खरे रफारही त्यात सापडणार. शेवटी ओळ न् ओळ वाचली. शब्दांची यादी करून ती रूपांतरकाच्या नियमांत घालायला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने मदत केली. मूळ लेखकाने नियमावली उघडी ठेवली होती म्हणूनच ते जमलं. ही माझी खुल्या सॉफ्टवेअरशी पहिली खरी ओळख. ते फुकट होतं यात मला विशेष काही वाटलं नाही. चोरून आणलेलं सॉफ्टवेअर तेव्हा सगळीकडे फुकटच होतं. मला अप्रूप वाटलं ते मराठीचा र दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागली नाही याचं.

काही फाइली इतक्या जुन्या फॉन्टच्या निघाल्या की त्यांचा नकाशाच कुणाकडे नव्हता. तिथे आम्ही उफराटा मार्ग धरला. पानं छापायची, स्कॅन करायची आणि ओसीआर, म्हणजे छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लावायचं. यासाठी टेसरॅक्ट वापरतो. ते १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जन्मलं, २००५ मध्ये खुलं झालं आणि पुढे बरीच वर्षं गुगलने जोपासलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते मराठी छपाई बऱ्यापैकी वाचतं. संगणकावर टंकलेला मजकूर कागदावर उतरवून पुन्हा संगणकाकडून वाचून घ्यायचा, आणि त्याचे पैसे लावायचे. बिलात या कामाला काय नाव द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. 'रूपांतर' असं लिहून मोकळी होते.

या सगळ्याला मी धंद्यातली कटकट समजत असे. एका अंध प्राध्यापकांनी ती समजूत मोडली. त्यांना एका समीक्षेच्या पुस्तकाचा मजकूर हवा होता आणि प्रकाशकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं. हे पडदावाचक सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालं. ते खुलं आहे आणि मोफत मिळतं. मी त्यांना माझी जुनी फाइल उघडून दिली. यंत्राने अत्यंत शिस्तीत इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं वाचायला सुरुवात केली. मला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होतं. त्यांच्या कानावर कचरा पडत होता. ते हसले आणि म्हणाले, "ताई, छापलेलं पुस्तक आणि ही फाइल, मला दोन्ही सारखीच."

अंध वाचकांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली. याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला अधिकृत मान्यता देणारा भारत हा पहिला देश. कायदा एवढा पुढे गेलेला, आणि हक्क वापरायला आलेल्या माणसापुढे मी डी, ई, वाय ठेवत होते. ते पुस्तक मी नव्याने युनिकोडमध्ये केलं. तेव्हापासून जुन्या फॉन्टमध्ये एकही नवं काम घेतलं नाही.

खुल्या सॉफ्टवेअरचे भक्त मला कधीमधी भेटतात आणि मी अजून पानं विकतच्या इनडिझाइनमध्ये लावते हे ऐकून नाराज होतात. स्क्रायबस हे पान लावायचं खुलं सॉफ्टवेअर मी फार आशेने उतरवून घेतलं होतं. पण त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळू लागली ती २०१७ मधल्या १.५.३ आवृत्तीपासून. त्याआधी 'स्त्री' सुद्धा पाय मोडून पडायची. आता ते बरंच सुधारलंय, तरी दिवाळी अंकाच्या घाईत मला माझ्या हातातलंच हत्यार लागतं. मजकुराचं सगळं काम, म्हणजे टंकन, शुद्धलेखन, सूची, मात्र लिबरऑफिस या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. सूचीचं तर विशेष. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला अकारविल्हे लावताच यायचं नाही, कारण त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं. नावांच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडायच्या, आणि पंखा बंद ठेवायचा.

म्हणून माझं मत भक्तांपेक्षा जरा निराळं आहे. हत्यार बंद असलं तरी चालेल, मजकूर बंद नको. पान कशात लावलं याने वाचकाचं काही बिघडत नाही. मजकूर कुठल्या मानकात साठला आणि फॉन्टचा परवाना काय सांगतो, याने पुढच्या पन्नास वर्षांचं बिघडतं किंवा सुधारतं.

फॉन्टच्या परवान्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' नावाचा फॉन्ट करून घेतला आणि खुल्या परवान्याखाली दिला. पुढे आयआयटी मुंबईत संस्कृत आणि वैज्ञानिक ग्रंथांसाठी 'शोभिका' फॉन्ट तयार झाला, तो याच यशोमुद्रेच्या पायावर. कुणाला कुणाकडे रक्कम भरावी लागली नाही, की पत्रव्यवहार करून मिनतवारी करावी लागली नाही. परवान्यातच लिहिलं होतं की घ्या, बदला, नव्या नावाने पुढे द्या. सरकारी पैशातून एकदा झालेलं काम दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला असं उपयोगी पडलं. 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या 'मुक्ता' आणि 'बालू' या फॉन्टांचा परवानाही असाच आहे. मी ते ई-बुकमध्ये बिनधास्त घालते. जुन्या विकतच्या फॉन्टांपैकी काहींचा परवाना छपाईपुरताच असायचा. ई-बुकमध्ये घालायचे तर वेगळे पैसे. ते देणं गैर नाही. अक्षरकाराचं पोट आहेच. पण खुल्या फॉन्टनाही कुणीतरी पैसे दिलेले असतात, आधी आणि एकदाच. सरकारने, विद्यापीठांनी हे वारंवार करायला हवं. नाहीतर खुलेपणाचा सगळा भार दोनचार वेड्या माणसांवर पडतो.

धोरणांचं म्हणाल तर आपल्याकडे ती कमी नाहीत. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं. २०१५ च्या धोरणाने सरकारी खात्यांना सांगितलं की सॉफ्टवेअर घेताना खुल्या पर्यायाला पसंती द्या, तो नको असेल तर कारण लिहा. वाचताना मन प्रसन्न होतं. मग एखाद्या कार्यालयाचा अहवाल करायचं काम येतं. तिथल्या साहेबांना हवी असते पीडीएफ, आणि तीही 'उघडली पाहिजे' एवढ्याच अटीवर. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आलेला असतो. मी युनिकोडची फाइल सोबत देऊ केली तर "ती कशाला? गोंधळ होईल," असं उत्तर मिळालेलं आहे. अशा जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून नागरिकाने एक परिच्छेद उचलून अर्जात चिकटवायचा म्हटलं तर हाती कचरा येतो. गावाचं नाव शोधलं तर सापडत नाही. माहिती जाहीर झालेली असते, पण शोधणाऱ्याला मिळत नाही. आणि युनिकोडमधून केलेली पीडीएफ सुद्धा पुष्कळदा वेलांट्या इकडच्या तिकडे करून देते. पीडीएफ हा पानाचा फोटो समजावा. मूळ मजकूर वेगळा मागून घ्यावा.

जे धोरणांना जमलं नाही ते मोबाइलने केलं. २०१६ च्या अखेरीस केंद्राने आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदीबरोबर आणखी एका भारतीय भाषेत टंकता आलं पाहिजे. आदेशापेक्षा बाजार वेगाने धावला हे खरं, पण दिशा दोघांचीही एकच होती. आज सत्तरी ओलांडलेले लेखक मला अख्खं प्रकरण व्हॉट्सॲपवर पाठवतात, तेही युनिकोडमध्ये. कुणी बोटाने टंकतात, कुणी बोलून. इनस्क्रिप्टच्या कार्यशाळा घेऊन जे साधलं नव्हतं ते नातवंडांना निरोप धाडण्याच्या ओढीने साधलं.

अर्थात कटकटी रूप बदलून येतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीची सवय म्हणून अजून कित्येक जण अ वर चंद्र देऊन काम भागवतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एक सापडलं तर दुसरं निसटतं. पुस्तक हाती आलं की मी पहिल्यांदा हीच झाडलोट करते. आणि मजकुराची बंद खोली तर नव्या जागी पुन्हा बांधली गेलीच आहे. एका लेखिकाबाईंनी चार वर्षांची टिपणं फोनमधल्या एका वहीवजा ॲपमध्ये ठेवली होती. मजकूर युनिकोडमध्येच, पण बाहेर काढायची सोय फक्त वर्गणी भरणाऱ्यांना. त्यांनी वर्गणी भरली, टिपणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढली आणि मगच आम्ही पुस्तकाचं बोलणं सुरू केलं. डोंगल तिजोरीत ठेवण्याइतकं तरी दिसायचं. हे कुलूप दिसतही नाही.

त्यामुळे हल्ली मी दरपत्रकात अक्षरजुळणीच्या दराखाली तीन ओळी जास्त घालते. छापायच्या पीडीएफबरोबर अंतिम, तपासलेल्या मजकुराची युनिकोड फाइल ग्राहकाला मिळेल. वापरलेल्या फॉन्टचं नाव आणि परवाना लिहून मिळेल. याचे वेगळे पैसे नाहीत. धंद्यातली एक मैत्रीण यावर चिडली. "अगं, हे म्हणजे स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडणं झालं." तिचं अगदीच खोटं नाही. एका प्रकाशकाने दुसरी आवृत्ती स्वस्तात दुसरीकडे करून घेतली. पण बाकीचे टिकले, आणि ते पानं आवडतात म्हणून टिकले. मला हा सौदा पटतो.

यातली पहिली ओळ सार्वजनिक पैशाने निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या करारात यावी असं मला वाटतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ही फार मोलाची गोष्ट आहे. त्या सोयीवर मी स्वतः कितीतरी वाचलं आहे. त्याच पानावर मजकुराची फाइलही ठेवली तर अंध विद्यार्थ्याला ती ऐकता येईल, कोशकाराला शब्द शोधता येतील, गडचिरोलीतल्या शिक्षकाला धडा उचलून आपल्या मुलांसाठी सोपा करून घेता येईल. अनुदान देणाऱ्या संस्था करारात छापील प्रती किती हव्यात हे बजावून लिहितात. त्याच्याखाली 'युनिकोड मजकुराची एक फाइल' एवढं लिहायला नवं धोरण लागत नाही, समितीही लागत नाही. आणि ती फाइल करून द्यायला आम्हा ऑपरेटरांना दहा मिनिटं पुरतात, कारण आता मजकूर आमच्याकडे आधीपासूनच तसा असतो.